पिग्मीच्या फेरीतली स्प्लेंडर

पिग्मी एजंटाला, म्हणजे दुकानादुकानातून रोजची छोटी ठेव गोळा करणाऱ्याला, गाडी कशी लागते हे शोरूमवाल्याला समजावणं अवघड. तो मायलेज सांगतो, हप्ता सांगतो, सीटकव्हर फुकट देतो म्हणतो. आमचं चालवणं त्याच्या हिशेबातच नसतं. बेळगावच्या शहापुरात गल्लीच्या तोंडाला गाडी लावायची, चार दुकानं करायची, पन्नास-शंभर घ्यायचे, मशीनमधून पावती फाडून द्यायची, किक मारायची आणि पुढच्या बोळात परत बंद. मग वडगाव, तिथून खासबाग, अनगोळ. दोन थांब्यांत कधी कधी इतकं कमी अंतर की चौथा गिअर पडतच नाही. आणि शनिवारी संध्याकाळी हीच गाडी घेऊन जांबोटीच्या पुढे गावाकडं. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला धुकं, चढण आणि रस्त्यावरून वाहणारा लाल चिखल.

(पिग्मी ही ठेव मूळची उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नाव झालेल्या बँकेने ती १९२८ साली काढली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली, पण आमच्या भागात सोसायट्यांनी पिग्मी चालू ठेवलीय. तेवढ्यावर माझं घर चालतं, म्हणून सांगितलं.)

तर हा रिव्ह्यू असल्या वापरातला. रोज हायवेने संकेश्वर किंवा निपाणी गाठणाऱ्याने यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल. त्याचं इंजिन एकदा तापतं आणि एका लयीत पळत राहतं. त्याची रनिंग माझ्या दुप्पट असेल, तरी त्याच्या इंजिनाला माझ्या इंजिनाएवढा त्रास नाही. हे लोकांना पटत नाही. जुनी गाडी घ्यायला गेलं की सगळे आधी काट्याकडे बघतात.

माझी गाडी स्प्लेंडर प्लस, बीएस-३ च्या शेवटच्या काळातली, कार्ब्युरेटरवाली, केए-२२. काटा लाखाच्या पुढे गेलाय. एकदा हाफ इंजिन झालं, म्हणजे पिस्टन-रिंगा बदलून बोअर केला; खालचा क्रँक अजून कंपनीचाच आहे. इंजिन तेच, सगळ्यांना माहीत असलेलं: ९७.२ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, चार गिअर, चारही खाली. ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. मूळ घडण होंडाची. हिरो आणि होंडाची जोडी १९८४ ला जमली, १९८५ ला सीडी १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर, आणि जोडी फुटली तरी हे इंजिन राहिलं. एचएफ डिलक्समध्येही तेच बसतं. आमचा मिस्त्री म्हणतो, "ह्याचं इंजिन डोळे झाकून उघडतो बघा." तो अतिशयोक्ती करत नाही. नंदगडला बंद पडा, लोंढ्याला पडा, शिनोळीला पलीकडं पडा, क्लच केबल आणि प्लग मिळतो. शंभर सीसीचा टिकाऊपणा म्हणतात त्यातला बराच वाटा या गोष्टीचा आहे. उरलेला वाटा कमी ताकदीचा. छोट्या इंजिनातून फार काही काढून घ्यायचंच नाही असं ठरवून बनवलेलं इंजिन आहे ते, म्हणून टिकतं.

आता ऑइल. माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

या गाडीत ऑइल लागतं लिटरपेक्षा थोडं कमी, बाजारात ९०० मिलिलिटरचा डबा त्यासाठीच मिळतो. एवढ्याशा ऑइलवर इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांचं भागतं. कारसारखा वेगळा ऑइल फिल्टरचा डबा नाही, कूलर नाही. आत एक जाळी आणि क्रँकला जोडून फिरणारी एक वाटी, ती फिरते तेव्हा कचरा कडेला चिकटतो. बस्स. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, ६००० किलोमीटरला बदला आणि मध्ये ३००० ला टॉप-अप करा. लोकांनी यातला सहा हजारांचा आकडा पाठ केला आणि तीन हजारांचा विसरले. जो विसरलेला आहे तोच महत्त्वाचा. जुन्या इंजिनात ऑइल थोडं थोडं जळतंच. सहा हजार होईपर्यंत डब्यातलं निम्मं उरलेलं असतं, आणि तेवढ्यावर गाडी पळत असते. आवाज येत नाही, दिवा लागत नाही. या गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा दिवाच नसतो.

मग पहिला मार कुणाला बसतो? हेडला, म्हणजे इंजिनाच्या वॉल्व असलेल्या टोकाला. ऑइल खालून वर जायचं, त्यामुळं वॉल्व उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरला ते सगळ्यात शेवटी पोचतं. मिस्त्रीकडे एका पत्र्याच्या ट्रेमध्ये काढलेले जुने पार्ट पडलेले असतात. त्यातले दोन कॅमशाफ्ट त्याने एकदा माझ्या हातात दिले. "नख फिरवा." एकावर नख सरकत गेलं, गुळगुळीत. दुसऱ्याच्या उंचवट्यावर मात्र नख अडकलं, आणि उजेडात धरलं तर टोकावर खरवडल्यासारखे बारीक खड्डे. दोन्ही गाड्यांची रनिंग जवळपास सारखीच होती म्हणाला. खराब झालेली गाडी एका पाववाल्याची. ऑइल वेळेवर बदलायचा तो, तारीख लिहून ठेवायचा. मध्ये कधी बघायचा नाही, एवढंच.

बघायला काही लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागेत लावायची, दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू ठेवायची, बंद करून तेवढाच वेळ थांबायचं. उजव्या बाजूची डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, परत आत टेकवायची आणि बाहेर काढून रेघ बघायची. टेकवायची म्हणजे फक्त टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही. फिरवून बसवली तर काडी जास्त खोल जाते आणि ऑइल भरपूर आहे असं दिसतं. साइड स्टँडवर बघितलं तरी आकडा खोटाच. मी रविवारी सकाळी बघतो, गावाकडून निघायच्या आधी. खालच्या रेघेजवळ आलं असेल तर त्याच ग्रेडचं थोडं ओततो. एक डबा घरात फोडून ठेवलेला असतो.

आमच्यासारख्या गल्लीबोळातल्या वापराला आणखी एक भानगड आहे. इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद होतं. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि आत जी वाफ धरते ती उडून जायला ऑइल तापायला पाहिजे, ते तापतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये डिपस्टिकच्या टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाळ फेस दिसतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, हेड गास्केट गेलं म्हणतो. अहो, हे हवेवर थंड होणारं इंजिन, त्यात पाण्याची वाटच नाही. हा फेस वाफेचा, नाहीतर वॉटर सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाइप जिथे मारायचा नाही तिथे मारल्याचा. थोडा असेल तर एकदा लांब पळवून आणली की जातो. माझी शनिवारची जांबोटीची चढण त्या दृष्टीने औषधासारखी. सगळं ऑइलच दुधाळ झालं असेल तर मात्र पळवायची नाही, आहे तिथंच काढून टाकायचं. म्हणून मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत सहा हजारांची वाट बघत नाही, तीनलाच बदलतो. इतर वेळी चार-साडेचार. कंपनीचा आकडा चुकीचा आहे असं नाही. माझी फेरी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

ग्रेड १०डब्ल्यू-३०, आणि डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून हे लागतं. कारचं उरलेलं ऑइल ओतणारे आमच्या गल्लीत आहेत. मग चढणीला इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही, कारण क्लच घसरतोय. दुसरी खोड जाड ऑइल टाकायची. इंजिन वाजायला लागलं की कुणीतरी सांगतंच, "२०डब्ल्यू-५० टाका, आवाज बंद." आवाज थोडा दबतो खरा. पण डिसेंबरात सकाळी सहाला बेळगावच्या थंडीत तेच जाड ऑइल हेडपर्यंत चढायला वेळ लावतं, आणि मघाशी सांगितलेला कॅम तोवर कोरडा फिरतो. आवाज ऐकू येणं बरं.

आवाजावरून टॅपेट, म्हणजे वॉल्व आणि रॉकरमधली फट बसवायचा स्क्रू. गॅरेजात सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. गिऱ्हाईक म्हणतो टकटक वाजतंय, मेकॅनिक गरम इंजिनावरच टोपणं उघडून टॅपेट आवळतो, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. आठवड्याभरात सकाळी स्टार्टिंगला त्रास सुरू. वॉल्व तापला की लांब होतो, म्हणून थोडी फट ठेवायची असते. फटच नाही ठेवली तर एक्झॉस्टचा वॉल्व पूर्ण मिटत नाही. जळता गॅस त्या चिरेतून जातो, कड जळते, कॉम्प्रेशन उतरतं. वॉल्व आपली उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळणारच की. थोडा वाजणारा टॅपेट वर्षभर काही करत नाही, घट्ट टॅपेट महिन्यात खर्चात पाडतो.

आमच्या मिस्त्रीची पद्धत म्हणजे गाडी आदल्या रात्री सोडून जायची. का, तर सकाळी इंजिन पूर्ण गार पाहिजे. तो डाव्या कव्हरवरची झाकणं काढतो, पान्याने मॅग्नेट हळू फिरवतो आणि खिडकीतून, पिस्टन वर आल्याची, टीची खूण रेघेला येईपर्यंत एक डोळा मिटून बघत राहतो. मग वरच्या इनटेकचा आणि खालच्या एक्झॉस्टचा रॉकर बोटांनी हलवून बघतो. दोन्ही सैल लागले तर पिस्टन बरोबर जागी, नाहीतर आणखी एक फेरा. मग फिलर गेजची पातळ पट्टी फटीत घालतो. ती ओढताना अगदी थोडी धरली पाहिजे, अडकता कामा नये. नट आवळला की स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी परत घालून बघतो. इथंच बाकीचे चुकतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तो घेतो ते एका वडापाव-चहाच्या वर फार नाही. त्याच्या गॅरेजला बोर्ड नाही, म्हणून नाव-पत्ता देत नाही. तशीही तिथं कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही भाषांत गाड्यांची रांग असते, आणि फोन केला तर "बर्री, बर्री" म्हणून सगळ्यांनाच बोलावतो आणि संध्याकाळपर्यंत बसवतो. हा त्याचा दोष.

तरुणपणी तो उद्यमबागेत मशीन शॉपला होता. बेळगावात फाउंड्री आणि मशीनिंगचं काम जुनं, उद्यमबाग आणि मच्छेत अशी माणसं भरपूर. त्याचा फायदा मला हाफ इंजिनला झाला. गाडी ऑइल प्यायला लागली होती. त्याने आधी विचारलं, धूर कधी दिसतो? सकाळी स्टार्ट केल्यावर भकभक येऊन मग बंद होत असेल तर वॉल्वचे सील, स्वस्तात भागतं. चालताना रेस दिली की मागं निळसर धूर येत राहत असेल तर रिंगा नाहीतर बोअर. माझा दुसरा प्रकार. तरी त्याने लगेच इंजिन उघडलं नाही, प्लग काढून भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि कॉम्प्रेशन परत बघितलं. ऑइल घातल्यावर वाढलं, म्हणजे गळती रिंगांकडून. वॉल्वकडून असती तर फरक पडला नसता.

बोअर पहिल्या साइजला, ०.२५ ला, उद्यमबागेत करून आणला. आणल्यावर तो उजेडात धरून मला आतल्या रेघा दाखवल्या. होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. "ह्या रेघांत ऑइल थांबतं. आरशासारखा चकचकीत बोअर कुणी दिला तर घेऊ नका." माझ्या जुन्या बोअरमध्ये रिंग फिरायची त्या पट्ट्यात रेघा पुसून गेल्या होत्या, खाली जिथे रिंग पोचत नाही तिथे त्या अजून जशाच्या तशा. लाखाच्या आसपासचं इंजिन, रोज थंडगार चालू-बंद होणारं, त्याला एवढं लागणारच. पिस्टन, रिंगा, पिन, गास्केट, बोअरिंग, मजुरी धरून पाच-सहा हजारांत काम झालं. बरोबर त्याने ती मघाशी सांगितलेली फिरणारी वाटी उघडली. आतल्या कडेला काळा चिकट थर बसला होता, डांबरासारखा, खरवडून काढावा लागला. ऑइल बदलताना हा थर निघत नाही, कव्हर उघडावंच लागतं. सर्व्हिसिंगला कुणी आपणहून उघडत नाही, सांगावं लागतं.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव एका वाक्यात आटपणार होतो, पण आटे गेले ते सांगायलाच पाहिजे. एका सर्व्हिस सेंटरात, नाव नको, कुणीतरी ड्रेन बोल्ट लांब पान्याने आवळला. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. पुढच्या वेळी बोल्ट सोडवला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर आले, तारेच्या कात्रणासारखे. "गाडी जुनी आहे, होतं असं" म्हणाले. मिस्त्रीने भोक मोठं करून आत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवला, तो अजून घट्ट आहे. तेव्हापासून ऑइल बदलताना मी शेजारी उभा राहतो, बोल्टखालचा वॉशर नवा घालायला लावतो. चार-पाच रुपयांचा वॉशर. तो जुनाच ठेवतात, मग थेंब गळू नये म्हणून बोल्ट आणखी आवळतात, आणि आटे जातात.

डुप्लिकेट पार्टबद्दल थोडक्यात. बाजारात एका दुकानात क्लच प्लेटचा सेट निम्म्या किमतीत घेतला, खोका हुबेहूब. चोर्ल्याच्या घाटाला एक फेरी झाली आणि वास यायला लागला. केबल, लिव्हर, फुटरेस्ट स्थानिक चालतं. इंजिनाच्या आत जे जाणार ते ओरिजिनल, आणि तेही बिल मागून घ्या.

बाहेरून एक गोष्ट करायची असते, ती फुकट आहे. हे इंजिन आडवं, त्यामुळं हेडचं तोंड थेट पुढच्या चाकाकडं. रोपलावणीच्या दिवसांत शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर सांडलेला चिखल सगळा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाकळ्यांत जाऊन बसतो आणि वाळतो. हवा जायला जागाच राहत नाही, हेड तापतं. जुना दात घासायचा ब्रश आणि बादलीभर पाणी पुरे. इंजिन गार असताना.

एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून झाडायचा नसतो, बदलायचाच. पंक्चरवाला हवा मारून देतो आणि लोक समाधानी होतात. ऊस वाहतुकीच्या दिवसांत चिकोडी-रायबाग भागात फिरणाऱ्यांनी तर तो वेळेच्या आधीच बदलावा. धूळ आत गेली की बोअर घासतो, आणि मग वरचं सगळं पुराण परत.

ऊस म्हटला की इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातले कारखाने ते गाळतात आणि आमच्याच टाकीत २० टक्के येऊन पडतं. मायलेज कमी झालं का? झालं, थोडं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की आधीच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या दुचाकींना ३ ते ४ टक्के फटका बसेल. माझ्या चालू-बंद फेरीत पन्नास-पंचावन्न मिळतं, त्यात एवढा फरक हातात धरून दाखवता येत नाही. मला जास्त काळजी पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गावच्या यात्रेला किंवा लग्नसराईत गाडी पंधरा दिवस पडून राहिली, टाकी अर्धी रिकामी, त्यात आमचा पाऊस, की कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाला पाणी साचतं. गाडी चालू होते आणि शंभर फुटांवर बसते. वाटीखाली एक ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करून तो सोडायचा, काचेच्या बाटलीत धरायचं. तळाला वेगळा थर दिसला तर समजायचं. गाडी ठेवून जाणार असाल तर टाकी भरून ठेवा, आत हवा कमी राहते. रबरी पाइप कडक झाला असेल तर बदलून टाका, किंमत काहीच नाही.

भाच्याकडे बीएस-६ ची आहे, २०२० नंतरची, इंजेक्शनची. मला वाटलं होतं ही कटकट ठरेल. नाही ठरली. सकाळी चोक नाही, एका सेल्फला चालू. पिकअप गुळगुळीत. पण त्याला मी दोन गोष्टी बजावल्यात. एक, रिझर्व्हवर फिरायचं नाही, कारण टाकीत बुडालेला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. दुसरं, बॅटरी सांभाळ. माझी गाडी बॅटरी मेली तरी किकवर चालू होते. त्याच्या पंपाला आणि ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, करंट लागतो, बॅटरी पार बसली तर किक मारून उपयोग होईलच असं नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर आमच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नाही, शहरात जावं लागतं. खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्याने हा विचार करून घ्यावी. बाकी ऑइल, टॅपेट, पाकळ्या सगळं तेच.

दुसऱ्या कंपन्यांबद्दल मी कमी बोलेन, कारण चालवल्या त्या मित्रांच्या, उधारीच्या. प्लॅटिना १०० चं सस्पेन्शन वडगावच्या खड्ड्यांना उजवं, पाठीला लगेच कळतं. टीव्हीएस स्पोर्ट १०९.७ सीसी, दोन माणसं बसवून चढणीला बरी. होंडाने मार्च २०२३ मध्ये शाइन १०० आणली, ९८.९८ सीसी, तिचा पेट्रोल पंप टाकीच्या बाहेर बसवलाय. काढायला-घालायला सोपं, हे मला आवडलं. पण माझं मत विचाराल तर पिग्मी, पेपर, दूध, पाव, असल्या फेरीला स्प्लेंडर किंवा एचएफ डिलक्स. जास्त चांगली आहे म्हणून नाही. ती उघडणारा माणूस प्रत्येक गावात आहे म्हणून.

नवी घ्यावी का जुनी? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं नवीचा भाव खाली आलाय आणि जुनीवाले मात्र अजून जुनाच भाव सांगतात. घासाघीस करताना हे तोंडावर सांगा. हाफ इंजिन झालेली गाडी असेल तर पळून जाऊ नका, उलट कुठं केलं, बोअर कितीच्या साइजला आहे ते विचारा. ०.२५ किंवा ०.५० असेल तर पुढं अजून एखादं बोअरिंग निघतं. ज्याला साइज सांगता येत नाही, त्याने काम करताना उभं राहून बघितलेलं नाही.

बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, मी आल्यावर करतो. गार इंजिनावर हात ठेवून बघा, खरंच गार आहे ना. डिपस्टिक आधी बघा, काटा नंतर. मग चालू करून पाच मिनिटांनी डिपस्टिकचं टोपण सैल करा. थोडी फुरफुर सगळ्यांनाच असते, पण भसाभस वाफ आणि धूर बाहेर ढकलला जात असेल तर रिंगा गेल्या.

आणि चंदगड-गडहिंग्लजकडची एमएच-०९ गाडी चार पैसे स्वस्त मिळते म्हणून घेणार असाल, तर कोल्हापूरची एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा. बारा महिन्यांच्या वर इकडं चालवायची तर नंबर बदलावाच लागतो. एनओसी हातात पडेपर्यंत दोन-तीन हजार मागं ठेवा, मालक कितीही ओळखीचा असला तरी.